कोणी न छेडलेला गांधार

फार प्राचीन काळी, देवगंधर्व विनाकारणही पृथ्वीवर उतरत असत, त्या युगात मर्त्यांचे गाणे गंधर्वांहून गोड होऊ लागले. गंधर्वराज उच्चैर्नादाने तेव्हा सात स्वरांतला गांधार स्वर्गात परत नेला आणि आज्ञा काढली : ‘पृथ्वीवर ज्याच्या हातून वा कंठातून उमटलेला गांधार माझ्या कानी पडेल, त्याची वाणी तत्क्षणी नष्ट होवो.’ जास्त गोड गाण्यापेक्षा हे सोपे होते.

ऋषींनी माना डोलावल्या. तमसातीरी वाद्ये घडवणाऱ्या शालंकी या ऋषिकन्येने मात्र ती आज्ञा शब्दशः दोनदा ऐकून घेतली. मग तंबुऱ्याला चार तारा चढवल्या, एक पंचमाची आणि तीन षड्जाच्या, आणि त्या अशा निगुतीने जुळवल्या की झंकारात गांधार आपोआप घुमू लागला. शेजारच्या आश्रमातल्या कोणा सज्जनाने ही वार्ता स्वर्गात पोचवली.

उच्चैर्नाद गर्जतच उतरला. “उद्धट मुली! गांधाराची तार कुठे लपवलीस? वाजव!”

वाजवले तर वाणी जाणार, हे शालंकी जाणून होती. तिने तंबुरा पुढे केला. “तार लपवलेली नाही, महाराज. स्वर लपलेला आहे. तार कंप पावते, तेव्हा तिच्या पोटात दुप्पट, तिप्पट, पाचपट वेगाचेही कंप चालू असतात. आपला कान त्या सगळ्यांची मोट बांधतो आणि एकच स्वर ऐकला म्हणून सांगतो. त्यातला पाचपट वेगाचा तो गांधार. तो स्वर्गात न्यायचा, तर तारेला हलायचीच बंदी घाला.”

“षड्जाच्या तारेत गांधार? हे मला शिकवतेस?”

“मी कोण शिकवणार? तार शिकवील. छेडा.”

तिला खोटे पाडण्यासाठी राजाने खर्जाची तार छेडली. षड्ज घुमला, आणि त्याच्या माथ्यावर, दूर पण स्वच्छ, गांधार उभा राहिला. राजाने तोंड उघडले. शब्द फुटेना.

शालंकीला हसू आले. ते तिने आवरले नाही. “आज्ञा मागे घ्यायची असेल, तर नुसती मान हलवा.”

मान हलली. वाणी परतली, आणि राजाने तिचा पहिला उपयोग शाप देण्याकडे केला. “तारा केसभर ढळल्या, तरी हा गांधार तुम्हांला सोडून जाईल! जन्मभर खुंट्या पिळीत बसाल!”

“बसू,” शालंकी म्हणाली.

तेव्हापासून गाण्याआधी खुंट्या पिळणे चालू आहे. श्रोते खाकरतात, यजमान घामाघूम होतात. गवई डोळे मिटून बसलेला असतो. गांधार बोलल्याखेरीज तो तोंड उघडत नाही. समोर प्रत्यक्ष राजा बसला असला तरी.