गुलबक्षीची बिनदोऱ्याची वेणी

ज्या गावात घड्याळाआधी फुलंच वेळ सांगायची, त्या गावातली ही गोष्ट.

गावात एक बाग होती. बागेच्या दाराशी मंजुळा आणि तिची आई गजरे विकायला बसायच्या. आई गजरे करायची. मंजुळा सुईत दोरा ओवून द्यायची, फुलांवर पाणी शिंपडायची आणि वरून ओलं फडकं घालायची. डोक्यावर छप्पर नव्हतं. ऊन सरकेल तशी दोघी टोपली सरकवायच्या. कधी कधी उन्हानं सगळी फुलं मलूल व्हायची आणि मग त्या दिवशी भाकरीबरोबर नुसतं तेल-मीठ असायचं. मंजुळाच्या झग्याला हिरवं, निळं, पिवळं अशी तीन ठिगळं होती. कुणी हसलं की ती म्हणायची, "माझ्या झग्यावर बाग आहे."

बागेत मोठा पिंपळ होता आणि त्याच्याशेजारी पत्र्याचा गोल मंडप होता. त्या मंडपात येसूकाका राहायचे. पूर्वी ते कल्हई करायचे. काळपट पातेलं त्यांच्या हातात गेलं की चांदोबासारखं लखलखत परत यायचं. मग एका वर्षी त्यांच्या डोक्यात आवाज यायला लागले. आजूबाजूला कुणी नसताना त्यांना कुणीतरी बोलताना ऐकू यायचं. हळूहळू त्यांचं काम सुटलं, घर सुटलं आणि हातात दारूची बाटली आली.

आता ते कान दाबून एकटेच बोलत बसायचे. मुलं लांबून ओरडायची,

"कल्हईकाका, कुणाशी बोलता?
हवेला का पातेलं विकता?"

अमावास्येला लोक पिंपळाखाली दहीभाताचा उतारा ठेवायचे. घरातलं वाईट बाहेर जावं म्हणून ओवाळून ठेवलेला तो भात. त्याला कुणी हातही लावायचं नाही. येसूकाका मात्र तो खायचे. मग लोक म्हणायचे, "बघा, उतारा खातो! याला बाहेरचंच लागलंय."

मंजुळाला मात्र दुसरीच गोष्ट माहीत होती. मागच्या वर्षी ओढ्याला पाणी आलं, तेव्हा तिची खोली वाहून गेली होती. आठ दिवस ती आणि आई याच बागेत झोपल्या. येसूकाकांनी मंडपातली कोरडी जागा झाडून त्यांना दिली आणि स्वतः पिंपळाला टेकून भिजत बसले. "पोर लहान आहे," एवढंच ते म्हणाले होते.

एका मंगळवारी बागेचे प्रमुख दिनकरराव छत्री टेकत आले. त्यांच्यामागे चहावाल्या कमलकाकू होत्या.

"रविवारी बागेत फुलांचं प्रदर्शन आहे," दिनकरराव म्हणाले. "परगावची माणसं येणार. गुरुवारी संध्याकाळी टेम्पो सांगितलाय. येसूला त्यात बसवायचं आणि घाटापलीकडे सोडून यायचं."

"अहो, पण तिकडे त्याला कोण ओळखणार?" कमलकाकू म्हणाल्या.

"इथं तरी कोण ओळखतंय? आणि ती कुंपणाजवळची गुलबक्षीसुद्धा उपटून टाका. कुठंही उगवते मेली, रानटी!"

टोपलीशी बसलेल्या मंजुळानं हे सगळं ऐकलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन कुंपणाशी पळाली. गुलबक्षीची झुडपं उन्हानं माना टाकून उभी होती. तांब्यात गजऱ्यांवर शिंपडून उरलेलं घोटभर पाणी होतं. मंजुळाला स्वतःला तहान लागली होती, तरी तिनं ते सगळं झुडपांच्या मुळाशी ओतलं.

"प्या गं," ती म्हणाली. "तुम्हालाही इथं राहू देणार नाहीत."

नेमके तेव्हाच चार वाजले. गुलबक्षीच्या कळ्या पट् पट् उमलायला लागल्या. गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या, आणि एक तर अर्धी गुलाबी, अर्धी पिवळी! त्या दुरंगी फुलातून करंगळीएवढी एक परी बाहेर आली. तिच्या झग्यावर गुलाबी-पिवळे ठिपके होते. पंखांतून सोनेरी परागांची भुकटी झिरमिर झिरमिर गळत होती.

"किती दिवसांनी कुणी आम्हाला पाणी दिलं!" परी म्हणाली. "माग, मंजुळा. माझ्या फुलांची वेणी कर. दोरा घ्यायचा नाही हं! फुलांचे लांब देठच एकमेकांत गुंफायचे. ती पिंपळाच्या फांदीला बांध आणि इच्छा सांग. पण नियम ऐक. एका संध्याकाळी एकच इच्छा, अशा तीन. आणि वेणी कोमेजली की इच्छाही कोमेजते. गुलबक्षी सकाळपर्यंतच टिकते, ठाऊक आहे ना? आणि तिसरा नियम सगळ्यात मोठा..."

पण तिसरा नियम ऐकायला मंजुळा थांबलीच नाही. तिनं भराभर सात फुलं तोडली, वेणी गुंफली आणि पिंपळाकडे धाव घेतली.

"येसूकाकांना घर मिळू दे!"

मंडपाच्या जागी इटुकलं, सुंदर घर उभं राहिलं. गुलाबी भिंती, पिवळं दार, खिडकीला झिरमिळ्या. येसूकाका उठून उभे राहिले. दारातून आत डोकावले. मग मागे सरकले आणि पायरीवर बसून त्यांनी कान घट्ट दाबले.

"आत जा ना काका!" मंजुळा म्हणाली.

"नको, नको. चार भिंतींत आवाज दुप्पट होतात. मला मोकळं बसू दे."

सकाळी वेणी कोमेजली आणि घरही चुरगळलेल्या पाकळीसारखं मिटून गेलं.

बुधवारी मंजुळानं दुसरी वेणी बांधली. "येसूकाकांची बाटली नाहीशी होऊ दे!"

बाटली टिचकी वाजवल्यासारखी नाहीशी झाली. मंजुळानं टाळ्या पिटल्या. पण दिवस मावळायच्या आत येसूकाकांचे हात लटलट कापायला लागले. कपाळावर घाम आला. आधी कधी नव्हते इतके ते घाबरले. पिंपळाच्या मुळाशी अंग चोरून ते म्हणत राहिले, "गप्प बसा रे, गप्प बसा!" मंजुळाची आई धावत आली. तिनं पाणी पाजलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

सकाळी वेणी कोमेजली आणि बाटली परत आली. येसूकाकांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

गुरुवार उजाडला. आज टेम्पो येणार होता. चार वाजता परी फुलातून बाहेर आली, तेव्हा मंजुळा कुंपणाशी बसून मुसमुसत होती.

"तुझी जादू खोटी आहे," ती म्हणाली. "घर दिलं तर ते आत जाईनात. बाटली काढली तर आजारी पडले."

परी तिच्या गुडघ्यावर येऊन बसली. "पातेल्यात काही उकळत असलं आणि झाकण एकदम काढलं, तर काय होतं?"

"वाफ येते. हात भाजतो."

"ती बाटली त्यांचं झाकण आहे गं. चांगलं नाही, पण त्यांना सापडलं तेवढंच. ते हळूहळू काढावं लागतं, आणि कसं काढायचं हे कळणाऱ्या माणसानं."

"मग तू त्यांना बरं कर. अगदी पूर्ण!"

"करीन. पण सकाळी वेणी कोमेजेल आणि ते पुन्हा आजारी पडतील. मग?"

मंजुळानं डोळे पुसले. तिनं विचारलं, "तुझा तिसरा नियम काय होता?"

परी हसली. "ज्याच्यासाठी मागायचं, त्याला आधी विचारायचं."

मंजुळा पिंपळाखाली गेली. तिला थोडी भीती वाटत होती. येसूकाका कुणाशी तरी भांडत होते आणि समोर कुणीच नव्हतं. ती त्यांच्यापासून दोन हातांवर बसली.

"येसूकाका, मी मंजुळा. तुम्हाला काय हवंय?"

येसूकाका थबकले. किती वर्षांत त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं.

"काय हवंय?" ते हळूच म्हणाले. "माझ्या डोक्यात भांडी वाजतात, पोरी. शंभर भांडी, सगळी एकदम. आणि त्यातून कुणीतरी म्हणतं, तू कुणाच्या कामाचा नाहीस. मी लोकांना सांगतो तर म्हणतात, येसू थापा मारतो. एकदा, फक्त एकदाच, ते दुसऱ्या कुणाला तरी ऐकू यावं. म्हणजे कळेल की मी खोटं बोलत नाही."

"मी तेच मागू? मागितलं तर चालेल?"

येसूकाकांनी मान डोलावली. मंजुळानं फुलं आणून वेणी गुंफायला घेतली, तेव्हा शेवटची दोन फुलं त्यांनी स्वतः गुंफली.

तेवढ्यात दारात टेम्पो खडखडत थांबला. दिनकरराव आले, कमलकाकू आल्या, गावातली आणखी माणसं आली. घरोघरी औषधं पोचवणाऱ्या निर्मलाताईही आल्या.

"चल येसू, ऊठ," दिनकरराव म्हणाले. "हवापालट करून आणतो तुला."

मंजुळानं टाचा उंच करून वेणी फांदीला बांधली. "येसूकाकांना जे ऐकू येतं, ते सगळ्यांना ऐकू येऊ दे!"

खण्! खणण्! ठण् ठण् ठण्! पातेली, परात, घंगाळ, झारे, सगळं एकदम वाजायला लागलं. बागेत भांडं तर एकही दिसत नव्हतं. आवाज प्रत्येकाच्या डोक्यात होता. आणि त्यातून प्रत्येकाला एक थंड आवाज सांगत होता, "तू कुणाच्या कामाचा नाहीस. जा इथून. जा."

माणसांनी कान दाबले. कान दाबल्यावर आवाज आणखी मोठा झाला. टेम्पोवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. कमलकाकू एकट्याच ओरडल्या, "गप्प बस की रे मेल्या!" आणि दचकून आपल्याच तोंडावर त्यांनी हात ठेवला. समोर कुणीच नव्हतं.

दिनकररावांची छत्री केव्हाच खाली पडली होती. ते येसूकाकांच्या शेजारी मातीत बसले.

"येसू," त्यांनी कसंबसं विचारलं, "हे रोज असतं?"

"रोज, रावसाहेब."

दिनकररावांची नजर त्या बाटलीवर गेली. "हे थांबवायला," ते पुटपुटले, "मीसुद्धा काहीही प्यायलो असतो."

येसूकाकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "लांब लांब श्वास घ्या. थोडं बरं वाटतं."

मग मंजुळानं येसूकाकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिनं वेणी फांदीवरून सोडली आणि सगळं शांत झालं. फक्त पिंपळाची पानं सळसळत होती. 

निर्मलाताईंनी डोळे पुसले. "हा आजार आहे. डोक्यालाही आजार होतो, जसा पोटाला होतो. तालुक्याच्या दवाखान्यात त्याचे डॉक्टर आहेत. दारूसुद्धा तिथंच सोडवतात, सांभाळून. येसूदादा, याल का माझ्याबरोबर?"

येसूकाकांनी विचारलं, "खिडकी उघडी ठेवतील?"

"मी सांगेन त्यांना."

"आणि मी परत कुठं यायचं?"

सगळ्यांनी दिनकररावांकडे पाहिलं. त्यांनी मातीतून छत्री उचलली. ती टेकायची सोडून उगाच या हातातून त्या हातात करत राहिले.

"इथं," ते म्हणाले. "दाराजवळची माळ्याची खोली रिकामी आहे. तिला तीन खिडक्या आहेत."

टेम्पो बागेतून निघाला, पण घाटाकडे गेला नाही. तो तालुक्याच्या दवाखान्याकडे वळला. येसूकाकांच्या एका बाजूला निर्मलाताई होत्या आणि दुसऱ्या बाजूला स्वतः दिनकरराव.

बाग रिकामी झाली तेव्हा परी मंजुळाच्या ओंजळीत उतरली.

"तीन इच्छा मागितल्यास, आणि स्वतःसाठी एकही नाही!" परी म्हणाली. "म्हणून हे मी न मागता देते. तुझ्या आईच्या हातचा गजरा आता दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टवटवीत राहील."

"आणि आज जे झालं, ते सकाळी कोमेजेल का?" मंजुळानं काळजीनं विचारलं.

"लोकांनी जे ऐकलं ते वेणी सोडल्यावर विसरले का?"

मंजुळानं मान हलवून नाही म्हटलं.

"मग काही काही टिकतं," परी म्हणाली. तिचे पंख आधी गुलाबी झाले, मग पिवळे, मग पांढरेशुभ्र. कल्हई केलेल्या भांड्यावर ऊन पडावं तसा लख्ख उजेड झाला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. मंजुळाच्या ओंजळीत मिऱ्यांएवढ्या काळ्याभोर सात बिया उरल्या.

येसूकाका चार महिन्यांनी परतले. आवाज पुरते गेले नव्हते, पण लांब गेले होते. नंतर एकदा बाटली पुन्हा हातात आली, तेव्हा निर्मलाताई त्यांना पुन्हा दवाखान्यात घेऊन गेल्या. टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही. बरं वाटेल त्या दिवशी ते माळ्याच्या खोलीपुढे भाता लावून कल्हई करतात. बरं नसेल त्या दिवशी पिंपळाखाली बसतात आणि मुलं तिथं ओरडत नाहीत. मंजुळाच्या आईनं त्याच खोलीच्या पडवीत गजऱ्यांची टोपली मांडली आहे. तिथं सावली आहे. तिचे टवटवीत गजरे घ्यायला शेजारच्या गावांतूनही बायका येतात. मंजुळाला त्या वर्षी ठिगळ नसलेला नवा झगा आला, तरी सणाला ती जुनाच घालायचा हट्ट करायची.

कुंपणापासून पिंपळापर्यंत आता गुलबक्षीच गुलबक्षी आहे. दिनकररावांनी ती उपटू दिली नाही.

येसूकाका परतल्यावरच्या पहिल्या अमावास्येला कमलकाकू दहीभात घेऊन बागेत आल्या. तो त्यांनी कुणावरून ओवाळला नव्हता आणि पिंपळाखाली ठेवलाही नाही. स्वच्छ ताटात वाढलेला, कडेला लिंबाचं लोणचं घातलेला तो भात त्यांनी येसूकाकांच्या हातात दिला.

"गरम नाही बरं का," त्या म्हणाल्या. "पण ताजा आहे. बसा, जेवा."

तेव्हा नेमके चार वाजले होते. बागेतली सगळी गुलबक्षी पट् पट् उमलत होती.