सायाळीचे कंद आणि हाकांचा बाजार

पळसाच्या एका मोठ्या जंगलात, नाल्याच्या काठी, एक सायाळ आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. अंगभर काटे असले तरी स्वभावाने ती अगदी मऊ होती, आणि कामाला तर अशी वाघीण की विचारू नका. जमिनीखाली गोड कंद कुठे लपला आहे, हे तिला वरून नुसत्या वासाने कळे. ती तो उकरून काढी, माती झटकून बिळाच्या तोंडाशी ठेवी, आणि शेजारची जनावरे येऊन घेऊन जात. त्या जंगलात सारा व्यवहार सुक्या बोरांवर चाले. एका कंदाला सहा बोरे, हा तिचा ठरलेला भाव. नाल्यातला म्हातारा कासव तर नेमाने हळूहळू चालत येई, सहा बोरे समोर ठेवी आणि कंद घेता घेता पिल्लांची चौकशी करून जाई.

एकदा संध्याकाळी एक तरस आले आणि तिच्या बिळात नाक खुपसून बराच वेळ हुंगत राहिले. पिल्ले आत एकमेकांना चिकटून बसली. त्या बिळाला एकच दार होते. तरसाने उकरायला घेतले असते, तर पळायला वाटच नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या झुडपात काहीतरी खसफसले आणि तरस तिकडे वळले, म्हणून तिघे वाचले. पण सायाळीची भीती काही गेली नाही.

टेकडीवर घोरपडीचे बीळ होते. चांगले ऐसपैस, आणि मुख्य म्हणजे त्याला मागचे दार होते. घोरपड आता नदीकडे राहायला जाणार होती. सायाळीने तिच्याकडे ते बीळ मागितले, तेव्हा घोरपडीने बिळासमोरच्या खडकातला एक खोलगट खळगा दाखवला. पळसाची फुले गळून संपायच्या आत हा खळगा सुक्या बोरांनी काठोकाठ भर, बीळ तुझे, असे ती म्हणाली. नाही भरला, तर रानडुक्कर बोरे घेऊन तयारच बसले होते.

पळस तर नुकता कुठे पेटला होता. सायाळ जोमाने कामाला लागली. पण शेजारी असून असणार किती? दिवसाला चार-पाच कंद खपत. आणि नेमका त्याच दिवसांत कोल्ह्याने हाकांचा बाजार सुरू केला.

मुलांनो, बाजार होता मात्र भन्नाट. कुणी आपला माल कोल्ह्याकडे नोंदवला की टेकडीवरचे वानर त्याची हाक देई. ती ऐकून पुढच्या झाडावरचे वानर तीच हाक देई, मग त्याच्या पुढचे, मग त्याच्याही पुढचे. अशी हाक झाडाझाडांवरून धावत जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचे, आणि तिकडून मागण्या तशाच उड्या मारत परत येत. मग ससे माल पाठीवर घेऊन धूम ठोकत, आणि येताना बोरे घेऊन येत. सायाळीने कधी नावही ऐकले नव्हते अशी जनावरे तिचे कंद मागवू शकणार होती.

ती धावतच कोल्ह्याकडे गेली. कोल्ह्याने तिला समोर बसवले, घसा खाकरला आणि बाजाराचे नियम सांगायला सुरुवात केली. तो काहीतरी हाकेविषयी सांगत होता, पोचवण्याविषयी सांगत होता, दलाली, परत आलेला माल, असे काय काय सांगत होता. पण त्याच वेळी वर फांदीवरच्या वानराने छाती भरून हाक दिली, "सायाळबाईंचा गोड कंद, दहा बोरांना एक, पोच मोफत!" पुढच्या झाडाने ती उचलली, त्याच्या पुढच्याने उचलली, आणि लांब लांब जाणारे आपले नाव ऐकून सायाळीच्या अंगावरचा काटा न् काटा फुलला. सहाचा कंद दहाला! ती तिथल्या तिथे गोल गोल नाचू लागली. कोल्ह्याने विचारले, सगळे कबूल आहे ना? ती नाचता नाचताच हो म्हणाली.

पहिल्याच दिवशी दहा मागण्या आल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. एरवी सायाळी दिवसा झोपतात, पण हिची झोप कुठल्या कुठे पळाली. ऊन असो, सावली असो, ही उकरते आहे, ससे नेत आहेत, आणि मिळालेली बोरे परस्पर टेकडीवरच्या खळग्यात टाकत आहेत. तिला मोजायलाही उसंत नव्हती. एकदा तिने पाठवलेला कंद रानडुकराने अर्धा खाल्ला आणि गोड नाही म्हणून परत धाडला. दातांचे ठसे असलेला तो अर्धा कंद सशाने तिच्या पुढ्यात ठेवला, तेव्हाही ती हसली. एवढ्या मोठ्या धंद्यात असे व्हायचेच, असे तिने पिल्लांना सांगितले.

अशातच म्हातारा कासव नेहमीसारखा आला आणि त्याने सहा बोरे समोर ठेवली. सायाळीने ती पायाने मागे सारली.

"कासवकाका, आता माझा कंद दहाला जातो," ती म्हणाली. "सहाला देऊन माझं नुकसान का करून घेऊ?"

"दहा काही माझ्याकडे नाहीत गं," कासव म्हणाला. त्याने सहा बोरे उचलली आणि आला तसा हळूहळू निघून गेला. सायाळीला जरा वाईट वाटले. पण वरून पुन्हा तिच्या नावाची हाक गेली आणि ती पुन्हा उकरायला लागली.

पळस निम्मा गळला, तेव्हा ती खळगा बघायला टेकडीवर गेली. मनात म्हणत होती की आता वरपर्यंत आला असेल, कदाचित सांडतही असेल. बघते तर काय, खळगा निम्मासुद्धा भरलेला नव्हता! तिला क्षणभर डोळ्यांवर विश्वास बसेना. मग तिची नजर वरच्या झाडावरच्या खारीकडे गेली आणि तिचे माथे भडकले. चोर सापडला असे तिला वाटले. तिने खारीला नाही नाही ते ऐकवले. खार बिचारी रडवेली झाली आणि शपथा घेऊ लागली. शेवटी सायाळ स्वतःच खळग्याजवळच्या झुडपात पाळतीवर बसली. ससा आला, बोरे टाकून गेला. दुसरा आला, टाकून गेला. खार खाली उतरलीसुद्धा नाही. आणि तरी खळग्यात पडणारी बोरे दर खेपेला चारच होती.

ती तीरासारखी कोल्ह्याकडे गेली. "कोल्होबा, तुमचे ससे चोर आहेत," ती म्हणाली. "दहाचा कंद विकला जातो आणि माझ्या खळग्यात चार पडतात."

कोल्हा चिडला नाही. त्याने दहा बोरे मातीवर मांडली आणि पंजाने एकेक बाजूला सारू लागला. एक बोर हाकेचे, माल विकला जावो वा न जावो. तीन सशाची, कारण पोच मोफत असते ती घेणाऱ्याला, पाठवणाऱ्याला नव्हे. आणि दर पाच बोरांमागे एक बाजाराची दलाली, म्हणजे दोन. तीही पूर्ण दहांवर, सशाची आधी वजा करून नव्हे. समोर चार बोरे उरली. आणि रानडुकराने परत पाठवलेला कंद? त्याची दहा बोरे डुकराला परत गेली, सशाच्या जाण्यायेण्याची सहा आणि हाकेचे एक सायाळीच्या बोरांतून वळती झाली. त्या एका कंदापायी खळगा भरायच्या ऐवजी सात बोरांनी उतरला होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" सायाळीचा आवाज चिरकला.

"सांगितलं होतं," कोल्हा शांतपणे म्हणाला. "तू तेव्हा नाचत होतीस."

ते खरे होते. कासवाची सहा बोरे तिने पायाने सारली होती, आणि चार बोरांसाठी ती दिवसरात्र खपत होती. तिला इतकी लाज वाटली की सगळे काटे अंगाला चिकटून बसले. पळस निम्मा गळला होता, तरस अजून जंगलात होते आणि पिल्ले त्या एका दाराच्या बिळात झोपली होती. रडत बसायला तिला वेळ नव्हता. तिने ती बोरे पुन्हा एकत्र केली आणि या वेळी स्वतः मांडायला बसली. कोल्ह्याला एकेक प्रश्न विचारू लागली. हाकेचे बोर एका नोंदीमागे की एका कंदामागे? नोंदीमागे. एका सशाला तीन कंद झेपतील का? आरामात झेपतील. मग तीन कंद वेलीने बांधून एकच मोळी केली तर?

कोल्ह्याने कान खाजवला. मोळी तीस बोरांची. हाकेचे एक, सशाची तीन, दलालीची सहा. उरली वीस! म्हणजे एका कंदामागे जवळजवळ सात. सायाळ उठून उभी राहिली. या वेळी ती नाचली नाही, पण तिचे डोळे असे काही लकाकले की कोल्हासुद्धा जरा सावरून बसला.

त्या दिवसापासून दूरच्या गिऱ्हाइकांना मोळ्याच जाऊ लागल्या. सुटा एक कंद हवा असेल, त्याने बिळाशी यावे आणि सहा बोरांना न्यावा. मागण्या आधीपेक्षा कमी झाल्या, हाकाही कमी झाल्या, पण खळगा चढू लागला. सायाळीने खारीची माफी मागितली. मग ती नाल्यावर गेली आणि एक छानसा कंद कासवापुढे ठेवून म्हणाली, "काका, चुकले मी. याचं काही देऊ नका." कासवाने तो कंद घेतला, हळूहळू संपवला, आणि तरीही सहा बोरे तिच्या हातावर ठेवली.

पळसावर मोजकीच फुले उरली, खळगा चार बोटे रिकामा होता, आणि कोल्ह्याने महाबाजार जाहीर केला. जंगलात नुसती झुंबड उडाली! त्या दिवशी हाक फुकट, माल सुटाच आणि निम्म्या भावात, आणि वानरे सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबणार नव्हती. अस्वल मधाची पोळी घेऊन आले, मोर पिसे घेऊन आला, मुंगसे, घुबडे, सगळी रांगेत एकमेकांना ढकलू लागली. सायाळही रांगेत होती. खरे सांगायचे तर तिच्या पायांनाही नाचावेसे वाटत होते. पण तिचा नंबर आला तेव्हा तिने आधी विचारले, "दलाली कुठल्या भावावर? जुन्या की निम्म्या?"

कोल्ह्याने इकडे तिकडे पाहिले. "जुन्या," तो म्हणाला.

सायाळीने मनात मांडले. सुटा कंद पाच बोरांना, त्यातून सशाची तीन, दलालीची दोन. "मग माझ्याकडे काय उरलं?"

कोल्ह्याने बराच विचार केला. "नाव," तो म्हणाला. "दिवसभर सगळ्या जंगलात तुझंच नाव दुमदुमेल."

सायाळीने वर फांद्यांकडे पाहिले. वानरे छाती फुगवून तयार होती. "नावाने माझ्या बिळाला मागचं दार येणार नाही, कोल्होबा," ती म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली. तिच्या मागे उभ्या असलेल्या अस्वलाने मधाची पोळी खाली ठेवली आणि कोल्ह्याला विचारले, माझे काय उरते ते जरा मांडून दाखव. मग मोराने विचारले. मग मुंगसांनी. कोल्ह्याला त्या दिवशी दुपारपर्यंत बोरे मांडून दाखवण्यावाचून दुसरे काही करता आले नाही. शेवटी त्याने दलाली निम्म्या भावावर आणली, तेव्हा कुठे बाजार सुरू झाला.

सायाळ मात्र घरी येऊन उकरत होती. तिचा कंद बिळाशी पुन्हा सहाला मिळतो, हे कासवाने नाल्यात सगळ्यांना सांगितले होते. पाणमांजरे आली, खेकडे आले, बगळेही चौकशी करून कंद घेऊन गेले. कुणी सहा बोरे आणली, कुणी दोन कंदांची बारा. दिवसभर वानरे इतरांच्या नावाच्या हाका देत होती. सायाळीचे नाव त्या दिवशी एकदाही कुणी घेतले नाही, आणि पिल्ले ओंजळीओंजळीने बोरे टेकडीवर नेत राहिली. सूर्य कलला तेव्हा खळगा काठोकाठ भरला होता. घोरपडीने बोरांवरून शेपूट फिरवून पाहिली, मान डोलावली आणि मोकळेपणाने बीळ रिकामे करून दिले. सायाळ पिल्लांना पुढे घालून आत गेली, आणि पहिल्यांदा जाऊन मागचे दार पाहून आली.

दोनच दिवसांनी तरस पुन्हा नाल्याकाठी आले. या वेळी त्याने घाई केली नाही. जुन्या बिळाचे एकमेव दार त्याने आरामात उकरले, रुंद केले, आणि खांद्यापर्यंत आत शिरले. आत कोणीच नव्हते.

तात्पर्य : आपला माल केवढ्याला विकला गेला हे बघून हुरळून जाऊ नये, मधल्या साऱ्यांचे वाटे वजा जाऊन आपल्या हातात किती उरणार, हे होकार देण्याआधी विचारून घ्यावे.