रंगाऱ्याचा बिघडलेला लाल

नदीच्या मधल्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक रंगारी राहत असे. त्याच्या हातचा लाल रंग पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. माघातल्या जत्रेत देवीला चढणारा शेला दरवर्षी त्यानेच रंगवायचा, असा मान होता. या मानाबद्दल दिवसातून एकदा तरी बोलल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

एका वर्षी मात्र शेला कढईतून निघाला तो विटकरी. रंगाऱ्याने मंजिष्ठेची लाल मुळी बदलली, तुरटी बदलली, बायकोवर ओरडूनही पाहिलं. पंधरा दिवस तो बिघडलेला रंग नदीत ओतत होता आणि नवा उकळत होता. जत्रा तीन दिवसांवर आली. शेला लाल झाला नाही, तर मान टेकडीपलीकडच्या गावच्या रंगाऱ्याकडे जाणार होता.

"अहो, पाण्याचा वास तरी घेऊन बघा," बायको म्हणाली.

त्याने ओंजळ नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "कोण मेला घाण करतोय, बघतोच!" म्हणत त्याने खांद्यावर कावड घेतली आणि पहाटेच काठाकाठाने वर निघाला.

पहिलं लागलं गुऱ्हाळ. गुऱ्हाळवाला उकळत्या रसावरची मळी काढून सरळ नदीत सोडत होता. "घमेलंभर मळीनं एवढ्या नदीचं काय बिघडतंय?" तो म्हणाला. "वरच्या गवळ्याला विचारा की."

गवळी पाट्या भरभरून शेण पाण्यात लोटत होता. "माझ्या दोन पाट्यांनी काय होतंय? वर दोरवाला बघा."

दोर वळणाऱ्याने अंबाडीच्या पेंढ्या पात्रातच कुजत घातल्या होत्या. रंगाऱ्याला नाक धरूनच बोलावं लागलं. "माझ्या चार पेंढ्याच तेवढ्या दिसल्या तुम्हाला!" तो फुरंगटला. त्याच्या वर कोणी राहत नव्हतं, म्हणून त्याने आभाळाकडे बोट केलं. "यंदा पाऊसच कमी."

रंगारी आणखी वर चढला. झऱ्याच्या निर्मळ पाण्याने कावड भरून, तिघांना शिव्या देत, दिवस मावळता घरी आला. एका शेल्यापुरतं पाणी होतं आणि रंगवायला लागतात तेवढे दोन दिवसही हाताशी होते. मान वाचला.

दारात खालच्या गावची म्हातारी सुईण बसली होती. तीही काठाकाठानेच वर आली होती. तिने एक दुपटं उलगडलं. "रंगारीदादा, वीस दिवसांचं लेकरू आहे. नदीत धुतलेल्या दुपट्यात गुंडाळतो, तर अंगभर पुरळ उठलंय. सारखं रडतं, दूध पीत नाही. आईच्या जिवाला घोर लागलाय."

दुपटं मूळचं पांढरं होतं. त्यावर आता फिकट विटकरी छटा होती. आपला रंग रंगाऱ्याने दुरूनच ओळखला.

'माझ्या एका कढईने नदीचं काय...' वाक्य अगदी ओठांवर आलं. पण आज ते त्याने तिघांच्या तोंडून ऐकलं होतं. त्याला लाज वाटली. त्याने कावडीकडे पाहिलं, घडी घातलेल्या कोऱ्या शेल्याकडे पाहिलं.

"मावशी, हा माझाच रंग," तो म्हणाला. "चला, हे पाणी पोचवतो. बाळाला यातच न्हाऊ घाला."

त्या वर्षी मान पलीकडच्या गावाला गेला. जत्रेच्या दिवशी रंगारी परसात खड्डे खणत होता. एक रंगाचा गाळ खाली बसायला, दुसरा वाळू-कोळशाचा, उरलेलं पाणी मुरायला. ते झाल्यावर तो पुन्हा वर गेला आणि शिव्या न देता म्हणाला, "माझा खड्डा बघायला या." गुऱ्हाळवाला आला. गवळी शेण खताला घालू लागला. दोरवाल्याने मात्र पात्राबाहेर डबकं खणायला चैत्र उजाडू दिला.

पुढच्या माघात मान परत आला आणि देवीचा शेला पुन्हा त्याच्याच हातचा, लालभडक होता. जत्रेत सुईण भेटली. तिच्या कडेवर गुटगुटीत पोर होतं आणि त्याच्या अंगावर तेच दुपटं, धुऊन धुऊन पांढरंशुभ्र झालेलं. रंगाऱ्याने आधी ते पाहिलं, शेला मागाहून.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: नदी कोण नासवतं ते शोधायला खुशाल वर जावं, पण निघण्याआधी आपल्या दारातून खाली काय वाहतं ते पाहावं.