दम आलेला गडी

आता ती तालीमही राहिली नाही आणि तो लाल मातीचा वासही. पण पंचगंगेकाठच्या एका गावात तेव्हा रंगराव नावाचे एक वस्ताद होते. काय दरारा होता म्हणून सांगू! त्यांचा नियम एकच, साऱ्या तालुक्याला ठाऊक असलेला. धाप लागलेल्या गड्याला आखाड्यात उतरू द्यायचं नाही. बसवायचं, पाणी पाजायचं आणि दम आला की मात्र लगेच उतरवायचं. “अंग गार पडलं तर गेलास,” म्हणायचे.

म्हातारपणी गुडघे धरले. वस्ताद उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खायचे. कुणाचं ऐकतील तर शपथ! एके सकाळी तालमीतच त्यांना रक्ताची उलटी झाली. पट्टशिष्य हिंदुरावानं त्यांना उचललं ते थेट तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. वस्ताद पांढरेफटक पडले होते. नाडी हाताला लागत नव्हती.

“बाई, पोटात दुर्बीण घाला नि रक्त थांबवा! कशाची वाट बघताय?” हिंदुराव गरजला.

डॉक्टर कुमुदिनीबाई सलाईन लावता लावता म्हणाल्या, “आधी रक्त चढवू. अंगात त्राण नसताना दुर्बीण घातली तर टेबलावरच जातील.”

“तोवर माणूस जाईल की!” म्हणत हिंदुराव वस्तादांना उचलून दुर्बिणीच्या टेबलावर न्यायला धावला. अंगात रग, दुसरं काय!

बाई आडव्या उभ्या राहिल्या. “वस्तादांचे चेले ना तुम्ही? धापा टाकणारा गडी आखाड्यात उतरवता?”

हिंदुरावाचे हात तिथंच थांबले. तो रक्त द्यायला गेला.

दुपार कलली तशी नाडी भरली, रक्तदाब सावरला. वस्तादांनी डोळे उघडले. “बरं वाटतंय. घरी जाऊ. दुर्बिणीचं बघू पुढच्या आठवड्यात.” हिंदुराव खूश होऊन त्यांचा फेटा शोधायला लागला.

“फेटा ठेवा खाली,” बाई म्हणाल्या. “जखम आत तशीच आहे, कधीही पुन्हा फुटेल. वस्ताद, दम आलेला गडी कडेला बसून राहिला तर?”

वस्ताद मिशीत हसले. “माझाच डाव माझ्यावर टाकता व्हय? चला, उतरतो.”

दुर्बिणीत त्या गोळ्यांनी झालेली जठरातली जखम दिसली आणि बाईंनी तिथल्या तिथं तिचं तोंड बंद केलं.

वस्ताद पुढं बरीच वर्षं जगले. आखाड्याच्या कडेला बसून पोरांवर ओरडायचे, “दम खा रे, दम खा! आला? मग बसलास काय?” तो आवाज अजून कानात आहे. फार आठवण येते हो.

तात्पर्य: संकटात आधी जीव सावरावा, आणि जीव सावरला की मूळ दुखणं काढायला उशीर करू नये.