उलटी हाळी

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी पाणी घेऊन वर येताना एका मुलीच्या दंडाला कारवीची फांदी घासली, आणि ती दचकली.

आता ही मुलगी कशालाही दचकायची. तव्यावर भाकरी फुगली तरी दचकायची. गावाने तिचं नावच दचकी ठेवलं होतं. पण या खेपेला ती फांदी लागल्याने नव्हे, फांदीकडे बघून दचकली. कारवी कितीतरी वर्षांनी एकदाच फुलते, आणि फुलली की वाळून जाते. ही तर हिरवीगार उभी होती. शेजारचीही हिरवी. सगळा उतार हिरवा.

मग वैद्यबाबांचा कारवीचा मध आला कुठून?

त्या मुलखात बातमी पायाने जात नसे, हाकेने जाई. कड्यावर उभं राहून एकाने हाळी द्यायची, समोरच्या डोंगराने ‘ओ’ म्हणायचं आणि तीच हाळी पुढे धाडायची. मात्र औषधाची किंवा बियाण्याची बातमी असली, तर गावच्या तीन पारख्यांनी आधी ती तपासायची. म्हणूनच ‘हाळीत आलंय’ म्हटलं की भांडणंसुद्धा मिटत.

वैद्यबाबांनी दचकीला झाडपाला शिकवला होता. त्यांनीच पारख्यांना सांगितलं होतं, “गेल्या पावसाळ्यात कारवी फुलली, तिचा मध मी वाडीवाडीत तापाला दिला. सगळ्यांचा ताप उतरला.” पारख्यांनी मध चाखला, माना डोलावल्या, आणि हाळी गेली.

दचकी घरी पोचली तर ओट्यावर तिचे दाजी बसलेले. चार डोंगरांपलीकडून मीठ न्यायला आले होते.

“काय दचके, मला बघूनही दचकलीस?”

“ताई कशी आहे? बाळ?”

“बाळाला ताप आहे. पण आता काळजी नाही. तुमच्याच कड्यावरून हाळी आली ना, कुठलाही ताप असो, मध द्या, किराइताचा कडू काढा टाकून द्या. तुझ्या ताईने तर काढ्याचं मडकं घासून पालथं घातलंय. पोरगं खूश.”

“काढा टाका, असं इथून कुणी म्हटलंच नव्हतं.”

“आमच्याकडे तसंच आलं बाई. चार डोंगर फिरून येईपर्यंत हाळीही बाळसं धरते.”

दचकीने घागर खाली ठेवली. “दाजी, काढा बंद करू नका. वैद्यबाबांचा तो मध कारवीचा नसावा.”

दाजींनी मिठाची गोणी खांद्यावर मारली. “तुझं ऐकू की हाळीचं?” असं म्हणून ते हसत वाटेला लागले.

दचकी तडक वैद्यबाबांकडे गेली. ते खलात काहीतरी कुटत होते.

“बाबा, कारवी फुललीच नाही.”

“मी तुला शिकवलं, की तू मला?”

“तुम्हीच शिकवलंत, फुललेली कारवी वाळते म्हणून.”

बत्ता थांबला. वैद्यबाबांनी खल बाजूला सारला. मग म्हणाले, “जुना मध होता थोडा. एका वाडीत दिला, ताप उतरला. पारख्यांना चाखवण्यापुरताच मध उरला. बाकीच्यांचाही उतरलाच असता, असं वाटलं.”

“वाटलं,” दचकी हळूच म्हणाली. “आणि सांगताना तुम्ही ‘पाहिलं’ म्हणालात.”

तिथून ती पारावर गेली. तिघा पारख्यांपुढे तिने सगळं सांगितलं.

पहिला पारखी म्हणाला, “हाळी मागे घेतली तर उद्या हाळीवर विश्वास कोण ठेवील?”

दुसरा म्हणाला, “पुढच्या अमावस्येला बसू या. तोवर जाता-येता कुणाच्या तरी कानावर घालू.”

“चूक कड्यावरून आणि दुरुस्ती कानात?” दचकी इतकं हळू बोलली की तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. “अमावस्येपर्यंत माझ्या ताईचं बाळ...”

तिसरी पारखी सर्वांत वडील होती. ती काठी टेकत उठली. “मध मीही चाखला. गोड होता. फूल दाखवा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि कारवी तर माझ्या दारात हिरवी उभी आहे.” मग ती पहिल्याकडे वळली. “झाकून ठेवल्याने विश्वास वाढला असता, तर चोराइतकं विश्वासू कुणी नसतं रे. वैद्याला सांगा, इथून पुढे आधी झाड दाखवायचं, मग रोगी, मग औषध. आणि आपणही बघायला शिकायचं. आता उलटी हाळी द्यायची.”

“अशी हाळी आजवर कुणी दिली नाही,” दुसरा पुटपुटला.

“म्हणून तर चूक अजून चार डोंगरांवर नांदतेय. माझा आवाज आता उंबऱ्याबाहेर जात नाही. पोरी, तू दे.”

कड्यावर वारा होता. दचकी कड्याच्या टोकाशी गेली. तिने हाक मारली, “ऐका होऽऽ, मधाची हाळी खरी नव्हतीऽऽ.”

समोरचा डोंगर गप्प राहिला. उलटी हाळी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. तिला ओ द्यायची की नाही, कुणाला ठाऊक?

मागे पावलं वाजली. ती दचकली. वैद्यबाबा होते. कधी नव्हे ते खाली मान घालून उभे.

“माझं नाव घे,” ते म्हणाले. “नाव नसलं तर त्यांना वाटेल, तूच चुकलीस.”

दचकीने छाती भरून श्वास घेतला. “ऐका होऽऽ, वैद्यबाबा सांगतातऽऽ, कारवी फुललीच नव्हती, मधाची हाळी खोटीऽऽ. काढा सोडू नकाऽऽ.”

दरीतून आवाज परत आला, ‘सोडू नका... नका...’ तिचा जीव हरखला, आणि लगेच खचला. तो तिचाच आवाज होता. दरीने तिचं तिलाच परत दिलं होतं.

तिने डोळे मिटून पुन्हा हाळी दिली. पुन्हा तेच, ‘नका... नका...’ आणि मग शांतता.

“ओऽऽ.”

दचकी दचकली. ओ तर तिने म्हटलंच नव्हतं.

“ओ, मेहुणीबाईऽऽ,” समोरच्या डोंगरावरून, खांद्यावर मीठ घेतलेला माणूस ओरडत होता. “ऐकलंऽऽ. इथून पुढे धाडतोयऽऽ. ताईला सांगतो, मडकं सुलटं करऽऽ.”

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, जितक्या मोठ्याने चूक सांगितली, तितक्याच मोठ्याने ती मागे घ्यावी. विश्वास न चुकल्याने नव्हे, चूक सुधारल्याने टिकतो.