हात लावू नये

“...मग हा ताप येतो तरी कुठून, बाबा?”

विचारत होत्या डॉ. अनघा धारप. डेंगीच्या विषाणूवर बारा वर्षं काम केलेल्या.

हुसेनबाबा दर्ग्याच्या ओट्यावरचा पाला झाडत होते. पूर्वी ते आरोग्य खात्यात डास पकडायच्या नोकरीवर होते. भिंतीवर बसलेला डास काचेच्या नळीत कसा ओढून घ्यायचा, हे अनघाताईंना त्यांनीच शिकवलं होतं.

“कुणाला आलाय?”

“साळी गल्लीत एकोणीस जणांना. काल केशव साळ्यांच्या सुनेला दवाखान्यात नेलं. सातवा महिना आहे तिला. सकाळी प्लेटलेट चाळीस हजार होत्या, दुपारी अठ्ठावीस.”

झाडू थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

अनघाताईंनी ओट्यावर नकाशा पसरला.

“लाल ठिपके बघा. सगळे या एकाच गल्लीत. तुमच्या बाजूला एकसुद्धा नाही. उद्या दहा वाजता पालिकेत मला कारण सांगायचंय, आणि माझ्याकडे कारण नाही.”

“घरं पाहिलीस?”

“प्रत्येक. रांजण, हौद, कुंड्या, कूलर, गच्चीवरच्या करवंट्या. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा, हे सांगून घसा बसला माझा. एक म्हातारी ऐकेना. तिचा भरलेला रांजण मी स्वतः ओतला.”

“पाणी कुठून आणते ती?”

“...कोपऱ्यावरच्या नळावरून.”

“काही म्हणाली?”

“म्हणाली, आमची भांडी पालथी घाल बाई, तुझ्या डब्यांना कोण विचारणार. चालायचंच. लोक बोलतात.”

बाबांनी झाडू भिंतीला टेकवला. दर्ग्यामागे गेले आणि एक काळा डबा घेऊन आले. अनघाताईंचाच डबा. डासाची मादी अशा डब्यातल्या पाण्यात अंडी घालते. आतल्या कापडी पट्टीवरची अंडी मोजली की वस्तीत डास किती ते कळतं. असे चाळीस सापळे त्यांनी मांडले होते. एकोणचाळीस साळी गल्लीत, एक इथे.

बाबांनी डबा उपडा करून दाखवला.

थेंबही पडला नाही.

“हे काय, बाबा? यात पाणी हवं. वर चिठ्ठी चिकटवलीय, ‘हात लावू नये’.”

“वाचली की.”

“मग?”

“तू पाच दिवसांनी येणार होतीस. आली नाहीस. सहाव्या दिवशी ओतला.”

“एवढ्या दिवसांची मोजणी गेली माझी...”

“गेली.”

“निदान गल्लीतल्या लोकांनी तरी डबे जसेच्या तसे ठेवलेत. एकानेही बोट...”

अनघाताई मध्येच थांबल्या.

पिंपळाची दोन पानं नकाशावर येऊन पडली. त्यांनी ती उचलली नाहीत.

“बाबा, मी परिषदेला गेले होते. या सापळ्यांवरच निबंध वाचला तिथे. आल्यावर अहवाल लिहायला बसले.”

“किती दिवस झाले?”

“दोन महिने.”

बाबांनी रिकामा डबा ओट्यावर ठेवला.

“अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात,” अनघाताई हळूच म्हणाल्या. हे वाक्य त्या दरवर्षी वर्गात सांगत आल्या होत्या.

हातातला फोन वाजला. दवाखान्यातून होता. त्यांनी ऐकलं, “बरं,” म्हणाल्या आणि ठेवला.

“बावीस हजार.”

“रक्त कोण देतंय?”

“तिचा दीर गेलाय.”

अनघाताईंनी फोन पिशवीत टाकला.

“मी घराघरात जाऊन भांडी पाहिली. माझ्याच डब्यांशेजारून रोज चालत गेले.” त्यांनी बाबांकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“मला माझा डबा माहीत होता. तुझे तू ओतत असशील, असं धरून चाललो. माझ्याकडे शिकताना तुझं एकदाही चुकलं नव्हतं.”

अनघाताईंनी नकाशाची घडी केली. ती नीट बसेना. तशीच पिशवीत कोंबली आणि त्या उठल्या. अंधार पडायला तासभर होता. डबे एकोणचाळीस होते.

पायरीवर त्या वळल्या.

“डबे आत्ता ओतते. पण उद्या पालिकेत काय सांगू, बाबा?”

बाबांनी झाडू पुन्हा हातात घेतला.

“आधी त्या म्हातारीचा रांजण भरून ये.”