पालक कोण?

हणमंतराव जगदाळे म्हणजे कराडातलं बडं प्रस्थ. घरात तर त्यांच्या शब्दापुढे भांडंसुद्धा वाजत नसे. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन ते गोव्याला आले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी फर्मान काढलं, "आज पोरंपण माझ्याबरोबर नाइट क्लबात येणार."

"अहो, पंधरा नि तेरा वर्षांची पोरं ती! तिथं दारू, नाच, कशाला न्यायचं त्यांना?" बायको म्हणाली.

"जग बघू दे की. मी आहे ना बरोबर!"

बायको खोलीवरच राहिली. क्लबाच्या दारात रखवालदाराने हात आडवा घातला. "अठराच्या आतली मुलं पालकाबरोबरच सोडतो. पालक कोण?"

"कोण म्हणजे? मी!" हणमंतरावांनी छाती फुगवली.

थोरली प्रांजली शांतपणे म्हणाली, "काका, आत जाताना हे. बाहेर येताना मी. ह्यांना धरून गाडीत बसवायचं, तोंड पुसायचं, बूट काढायचे, हे दर शनिवारी मीच करते."

मागच्या रांगेत हशा पिकला. हणमंतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. रखवालदार मात्र हसला नाही.

"मग तूच सांग बाळ," तो म्हणाला, "यांना सोडू का आत?"

आयुष्यात पहिल्यांदाच हणमंतराव लेकीच्या परवानगीसाठी खोळंबून उभे राहिले. तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि धाकट्या भावाचा हात घट्ट धरला.

"सोडा काका," ती म्हणाली. "आत्ता ह्या रागात माघारी गेले, तर खोलीत आई एकटी सापडेल त्यांना."